सैनिकाच्या घरचा पाळणा : नांदेड-लातूरच्या सैनिक कल्याण कार्यातील न लिहिलेला अध्याय

केंद्रीय सैनिक मंडळामार्फत रक्षामंत्री माजी सैनिक कल्याण निधीतून जी अनुदाने मिळतात, त्यांची यादी वाचली की सैनिकाच्या आयुष्याचा सगळा पट डोळ्यांपुढे येतो. मुलांचे शिक्षण, मुलीचे लग्न, घरदुरुस्ती, औषधोपचार, निवृत्तिवेतन नसलेल्याचे म्हातारपण आणि शेवटी अंत्यविधी. या यादीत बाळंतपण नाही. म्हणून सैनिकाच्या घरी पाळणा हलला तेव्हा सैनिक कल्याण कार्यालयाचा त्याच्याशी काही संबंधच आला नाही, असे कोणी समजू नये. नांदेड आणि लातूर या जिल्ह्यांत ना छावणी, ना लष्करी इस्पितळ. नवरा सरहद्दीवर आणि बायको दोन जिवांची, अशा घराला सरकारदरबारी आपले म्हणून दार ठोठावायला जी जागा होती, ती जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचीच. ज्या कामाला योजनेचे नाव नसते त्याचा अहवाल होत नाही, आणि ज्याचा अहवाल होत नाही त्याचा इतिहासही कोणी लिहीत नाही. हा लेख त्या राहून गेलेल्या कामाविषयी आहे.

पूर्वपीठिका

मराठवाड्याला सैनिकी परंपरा नाही, असे पुष्कळदा ऐकावे लागते. साताऱ्याच्या अपशिंग्यासारखे, नावातच 'मिलिटरी' मिरवणारे गाव आपल्याकडे नाही, हे खरे. पण फौज मात्र होती. निजामाच्या राज्यात ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या हाताखाली 'हैदराबाद कंटिन्जंट' नावाची फौज असे. तिची ठाणी हिंगोली, औरंगाबाद आणि मोमिनाबाद, म्हणजे आजचे अंबाजोगाई, येथे होती. १९०३ साली कंटिन्जंटचे वेगळे अस्तित्व संपले आणि तिच्या पलटणी भारतीय सैन्यात सामावल्या गेल्या. पायदळाच्या पलटणींची पुढे १९वी हैदराबाद रेजिमेंट झाली आणि १९४५ साली तिचेच नाव कुमाऊँ रेजिमेंट पडले. आज हिमालयाच्या पायथ्याशी नांदणाऱ्या या रेजिमेंटच्या वंशावळीत आपली हिंगोली आहे, हे हिंगोलीतही फार थोड्यांना ठाऊक असेल.

छावण्या उठल्या त्याबरोबर त्यांच्या आसऱ्याने चालणारी व्यवस्थाही उठली. महाराष्ट्रात आज सात छावण्या आहेत. त्यांतली मराठवाड्यात एकच, छत्रपती संभाजीनगरची. नांदेड-लातूरचा मुलगा भरती होतो तो बेळगाव, पुणे, नाशिक, सागर किंवा सिकंदराबादच्या केंद्रात घडायला जातो. त्याचे कुटुंब मात्र कंधार, मुखेड, अहमदपूर, उदगीर, निलंगा या तालुक्यांतल्या गावांतच राहते. शेती बेभरवशाची, १९७२ च्या दुष्काळाची आठवण घरोघरी, त्यामुळे भरतीकडे ओढा वाढत गेला. पलटण दूर आणि घर इथे, ही या दोन जिल्ह्यांच्या सैनिकी जीवनाची कायमची स्थिती आहे.

मंडळ कसे घडले

पहिले महायुद्ध चालू असताना १९१७ साली भरतीच्या कामासाठी मध्यवर्ती मंडळ नेमले गेले. १९१९ साली त्याचे इंडियन सोल्जर्स बोर्ड झाले. १९४४ साली नावात खलाशी आणि वैमानिक आले आणि १९७५ पासून ते केंद्रीय सैनिक मंडळ म्हणून ओळखले जाते. आधी माणूस पलटणीत आणायचा आणि मग त्याच्या घराची चिंता वाहायची, असा हा क्रम आहे. मुंबई इलाख्यातील सातारा, रत्नागिरी, पुणे अशा भरतीच्या जिल्ह्यांत या व्यवस्थेची पाळेमुळे लवकर रुजली.

आपल्याकडे ती उशिरा आली. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत मराठवाडा निजामाच्या अमलाखाली होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी तो मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात. लातूरची वाट आणखी लांबली. १९८२ पर्यंत लातूर हा उस्मानाबाद जिल्ह्याचा भाग होता, म्हणजे उदगीर-अहमदपूरच्या माणसाला जिल्ह्याच्या कामासाठी उस्मानाबाद गाठावे लागे. सासऱ्याने सुनेचे कागद पिशवीत घालून एसटीने जायचे, साहेब दौऱ्यावर असले तर मुक्काम करायचा किंवा हात हलवत परतायचे, असा तो काळ होता.

आजची रचना सर्वत्र सारखीच आहे. जिल्हा सैनिक मंडळाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात. कार्यालयाचे प्रमुख जिल्हा सैनिक कल्याण अधिकारी, सहसा सैन्यातून निवृत्त झालेले अधिकारी. त्यांच्या हाताखाली लिपिक आणि कल्याण संघटक. वरचा विभाग पुण्याला. नांदेड आणि लातूर दोन्हीकडे सैनिकांच्या मुलामुलींसाठी वसतिगृहे चालतात. १९४९ पासून दरवर्षी ७ डिसेंबरला ध्वजदिन पाळला जातो आणि त्यानिमित्त जमणाऱ्या निधीतून कल्याणाची बरीच कामे उभी राहतात.

या रचनेत कल्याण संघटकाचे पद लहान दिसते, पण गावाशी खरा दुवा तोच. तालुक्याच्या मेळाव्याला तो जातो, माजी सैनिकांच्या गाठीभेटी घेतो, कोणाचे पेन्शन अडले, कोणाच्या बांधावरून भांडण आहे, हे त्याला आधी कळते. अडचण एवढीच की त्याच्यासमोर येऊन बसणारा माणूस बहुधा साठीचा असतो. वीस-बावीस वर्षांची गरोदर सून मेळाव्याला येत नाही, आणि आली तरी आपले दुखणे सैन्यातून निवृत्त झालेल्या, वडिलांच्या वयाच्या माणसापुढे मोकळेपणाने मांडत नाही. व्यवस्थेचा सगळा रोख माजी सैनिक आणि सैनिक विधवा यांच्याकडे राहिला. सेवेत असलेल्या जवानाच्या कुटुंबाची काळजी ही मंडळाचीच जबाबदारी, पण ती मागच्या बाकावर बसली.

छावणीत काय मिळते

जवानाला शांततेच्या ठिकाणी बदली मिळाली आणि फॅमिली क्वार्टर लागले की चित्र पालटते. गरोदरपणाची नोंद 'एमएच'मध्ये, म्हणजे मिलिटरी हॉस्पिटलमध्ये होते. तपासण्या, सोनोग्राफी, बाळंतपण, बाळाचे लसीकरण सगळे एका आवारात. युनिटच्या फॅमिली वेल्फेअर सेंटरमध्ये बायका जमतात, आहाराविषयी, अंगावर पाजण्याविषयी, पाळणा लांबवण्याविषयी सांगितले जाते. कुठे 'वेल बेबी शो' भरतो, त्यात वजन आणि लसीकरण पाहून बाळांचे कौतुक होते. या कामामागे १९६६ साली स्थापन झालेली आर्मी वाइव्ह्ज वेल्फेअर असोसिएशन ही सैनिकपत्नींची संस्था आहे. जवानांच्या तोंडी तिचे नाव 'आवा'. विशेष गरजा असलेल्या मुलांसाठी छावण्यांमधून चालणाऱ्या 'आशा' शाळा हेही तिचेच काम. हवाई दल आणि नौदलातही सैनिकपत्नींच्या अशाच संस्था आहेत.

मुखेड किंवा देवणी तालुक्यातून गेलेली मुलगी तिथे पंजाबी, गढवाली, तमिळ बायकांच्या शेजारात पहिल्यांदा आई होते. तिला भाषा येत नसली तरी शेजारीण रात्री दोन वाजता गाडी मागवते. ही माया खरी आहे आणि ज्यांना ती लाभली त्या बायका आयुष्यभर सांगत राहतात.

ती टिकत मात्र नाही. दोन-तीन वर्षांत नवऱ्याची बदली फील्डला होते, कुटुंबाला तिथे परवानगी नसते, आणि बायको गावी परतते. एकाच घरातले थोरले मूल अंबाल्याच्या एमएचमध्ये जन्मलेले आणि धाकटे माहेरच्या तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात, अशी उदाहरणे गावोगाव मिळतील. थोरल्याच्या वेळी जे आपोआप झाले, ते धाकट्याच्या वेळी स्वतः मिळवावे लागते. जिल्हा कार्यालयाची गरज इथून सुरू होते.

कागदांची साखळी

या कार्याची खरी ओळख कागदांत आहे, म्हणून एक नमुना जवळून पाहू. जवान अहमदपूर तालुक्यातला, महार रेजिमेंटमध्ये. बायको कंधार तालुक्यातली. लग्न झाले. गावाने, देवाने आणि नातलगांनी ते मान्य केले, पण सैन्याच्या लेखी तो अजून एकटाच आहे. विवाह नोंदणीचा दाखला युनिटला गेला, युनिटने 'पार्ट टू ऑर्डर' हा नोंदीचा आदेश काढला आणि त्याची नोंद मध्य प्रदेशातल्या सागरच्या रेकॉर्ड ऑफिसात चढली, तेव्हा कुठे ती त्याची पत्नी ठरते. जवान मराठा लाइट इन्फन्ट्रीतला असेल तर रेकॉर्ड बेळगावला, बॉम्बे सॅपर्सचा असेल तर खडकीला, तोफखान्याचा असेल तर नाशिक रोडला. ही ऑर्डर झाल्यावर डिपेंडंट कार्ड, म्हणजे अवलंबितांचे ओळखपत्र. कार्ड हातात असले तरच लष्करी इस्पितळाचे दार उघडते.

पहिली अडचण नावाची. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर तिचे एक नाव, आधार कार्डावर त्याचेच वेगळे स्पेलिंग, आणि लग्नात अक्षता पडताना ठेवलेले नाव तिसरेच. नवऱ्याने फॉर्म भरताना घरात हाक मारतात ते नाव लिहिले. युनिटच्या कारकुनाने ते ऐकून इंग्रजीत उतरवले. लग्नानंतर चार महिन्यांनी तिला दिवस गेले आणि कार्डासाठी कागद जमवायला बसले, तेव्हा कोणतेच दोन कागद जुळेनात. मग प्रतिज्ञापत्र, तहसील, पुन्हा युनिट. दरम्यान पोटातले बाळ कोणाच्या सहीसाठी थांबत नाही.

दुसरा टप्पा जन्माचा. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याप्रमाणे २१ दिवसांच्या आत नोंद व्हायला हवी, आणि ती बाळ जिथे जन्मले तिथेच. माहेरी जन्मलेल्या बाळाची नोंद कंधारला, बापाचा रहिवास अहमदपूरचा, बाप स्वतः '५६ एपीओ' किंवा '९९ एपीओ' एवढ्याच लष्करी टपालाच्या पत्त्यावर. पूर्वी दाखला रजिस्टर टपालाने जायचा आणि पोहोचला की नाही हे पुढच्या आंतर्देशीय पत्रातून कळायचे. आता मोबाइलवर फोटो तत्क्षणी पोहोचतो, तरी रेकॉर्डला लागणाऱ्या कागदांची पूर्तता चुकत नाही. दाखल्यावर बाळाच्या नावाची जागा रिकामी, कारण बारसे व्हायचे आहे. आईचे नाव माहेरचे, कारण दवाखान्यात माहेरच्यांनीच सांगितले. आणि बापाच्या आडनावात एक अक्षर कमी. या तीन चुका त्या दिवशी कोणाच्या लक्षात येत नाहीत. त्या उजेडात येतात वीस वर्षांनी: मुलाला शैक्षणिक सवलत हवी असते तेव्हा, आईला कुटुंब निवृत्तिवेतन मिळायची वेळ येते तेव्हा, किंवा 'स्पर्श' या पेन्शनच्या संगणकीय प्रणालीत नाव जुळत नाही तेव्हा.

सैनिक कल्याण कार्यालयात येणाऱ्या अर्जांत नावदुरुस्ती आणि जन्मतारीखदुरुस्ती हे नेहमीचे विषय आहेत. त्यांतले पुष्कळ अर्ज बाळंतिणीच्या खोलीत, गडबडीच्या त्या पहिल्या तीन आठवड्यांत जन्म घेतात. तेव्हा कोणी जाणत्याने अर्धा तास बसून कागद जुळवून दिले असते तर पुढची हेलपाट्यांची वर्षे वाचली असती. आईबाप होणाऱ्या सैनिकी जोडप्याला या कार्यालयाने दिलेली सगळ्यात मोठी मदत पैशाची नाही. योग्य वेळी योग्य कागद करून घेणे, हीच ती मदत.

सासर लातूरला, माहेर नांदेडला

पहिले बाळंतपण माहेरी, हा आपला रिवाज. सातव्या महिन्यात ओटी भरून लेक माहेरी येते आणि बाळ तीन महिन्यांचे झाले की सासरी परतते. लोहा, कंधार, मुखेड हे नांदेडचे तालुके आणि अहमदपूर, जळकोट, उदगीर हे लातूरचे. यांच्यात सोयरिकी पिढ्यान्‌पिढ्यांच्या आहेत; जिल्ह्याची हद्द लग्न जमवताना कोणी पाहत नाही. सरकारी कागद मात्र ती पाहतात. जवानाची नोंद लातूरच्या कार्यालयात, बाळंतपण नांदेड जिल्ह्यात. सासरच्या आशाताईच्या वहीत गरोदरपणाची नोंद, माहेरच्या आशाताईला पत्ताच नाही. माता-बाल संरक्षण कार्ड सोबत नेले असेल तर तपासण्यांचा धागा तुटत नाही. सासरी कपाटात राहिले तर पहिल्यापासून सुरुवात. म्हणून नांदेड आणि लातूर ही दोन कार्यालये बाळंतपणाच्या बाबतीत एकच धरली पाहिजेत, आणि म्हणूनच या लेखात ती एकत्र घेतली आहेत.

रजेचा प्रश्न वेगळाच. जवानाला वर्षाची ६० दिवस वार्षिक आणि ३० दिवस नैमित्तिक रजा. ती युनिटच्या गरजेप्रमाणे मिळते आणि बाळ आपल्या वेळेप्रमाणे येते. तारखेच्या अंदाजाने रजा घेऊन आलेला बाप वाट पाहून परत निघाला आणि गाडीत असताना मुलगी झाली, अशी गोष्ट सैनिकांच्या गावात कोणीही सांगेल. पूर्वी बातमी तारेने जायची. १५ जुलै २०१३ पासून बीएसएनएलने ती सेवा बंद केली, पण तोवर बऱ्याच गावांत मोबाइल पोहोचला होता. आता बाप व्हिडिओ कॉलवर बाळाचे तोंड पाहतो. पाचवीला पुजलेल्या सटवाईच्या पाटापुढेही फोन टेकवून ठेवलेला असतो. तेवढ्याने बाईच्या उशाशी रात्री कोण बसणार हा प्रश्न सुटत नाही.

नागरी रुग्णालयांचा आधार

जवळचे लष्करी इस्पितळ म्हणजे नांदेडकरांना छत्रपती संभाजीनगर किंवा सिकंदराबाद, दोन्हीकडे अडीचशे किलोमीटरच्या पुढचा पल्ला. लातूरकरांना पुणे त्याहून लांब. उदगीर-देवणीला बीदरचे हवाई दलाचे ठाणे जवळ, पण अवघड बाळंतपणाला ते पुरे पडेल असे नाही. कळा सुरू झालेल्या बाईला घेऊन एवढ्या लांब कोणी जात नाही. त्यामुळे या दोन जिल्ह्यांतल्या सैनिकांची पुष्कळ मुले नागरी रुग्णालयांतच जन्मली. इथल्या सैनिकी कुटुंबांच्या मातृसेवेचा इतिहास हा या रुग्णालयांचाही इतिहास आहे.

लातूरला १९६६ साली डॉ. अशोकराव कुकडे, डॉ. ज्योत्स्ना कुकडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विवेकानंद रुग्णालय सुरू केले. 'आवा'ची स्थापनाही त्याच वर्षीची. १९७४ साली अंबाजोगाईला ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आले. जिथे एकेकाळी कंटिन्जंटचे घोडदळ होते, तिथे आसपासच्या जिल्ह्यांतल्या बाळंतिणी येऊ लागल्या. १९८८ साली नांदेडला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, ते आज विष्णुपुरीला आहे आणि डॉ. शंकरराव चव्हाण यांच्या नावाने ओळखले जाते. लातूरचे शासकीय महाविद्यालय २००२ चे, आता विलासराव देशमुख यांच्या नावाचे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात याच भागातल्या जवानांना पलटणीत घराची बातमी कळली आणि इकडे सैन्याच्या तुकड्या ढिगारे उपसत होत्या. त्या काळात सैनिकी आणि नागरी ही विभागणी कोणी केली नाही.

सरकारी मातृसेवेच्या योजनाही हळूहळू वाढत गेल्या. २००५ साली जननी सुरक्षा योजना आली. २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी रुग्णालयातले बाळंतपण, सिझेरियनसुद्धा, औषधे, तपासण्या, रक्त, आहार आणि घर ते रुग्णालय व परत अशा वाहनासह मोफत झाले. त्याला उत्पन्नाची अट नाही. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या अपत्यासाठी ५,००० रुपये आणि दुसरी मुलगी झाल्यास ६,००० रुपये मिळतात. एप्रिल २०२२ पासूनच्या नियमांत कौटुंबिक वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असणे हा पात्रतेचा एक निकष आहे. नवरा केंद्र सरकारच्या नोकरीत म्हणून आपल्याला काहीच लागू नाही, अशा समजुतीत राहून घरे हक्काची रक्कम सोडून देतात. पत्नी स्वतः सरकारी सेवेत नसेल आणि निकषात बसत असेल तर अंगणवाडी किंवा आशाताईकडे चौकशी करावी.

निवृत्त सैनिकांसाठी १ एप्रिल २००३ पासून ईसीएचएस ही आरोग्य योजना आहे. शिपाई पस्तिशी-चाळिशीतच पेन्शनवर येतो, तेव्हा घरात लहान मूल असणे नवलाचे नाही. त्या वेळी बाळाचे नाव आधीपासून रेकॉर्डवर चढलेले असणे किती महत्त्वाचे, हे वर सांगितलेच आहे.

इथे एक गोंधळही दूर करायला हवा. मुदखेडला केंद्रीय राखीव पोलीस दलाचे आणि चाकूरला सीमा सुरक्षा दलाचे प्रशिक्षण केंद्र आहे. गावाकडे त्या मुलांनाही 'मिलिटरीत आहे' असेच म्हणतात. पण ही दले गृह मंत्रालयाची. त्यांच्या कुटुंबांसाठी दलांची स्वतःची व्यवस्था आणि पत्नी-संघटना आहेत. सैनिक कल्याण कार्यालयाच्या योजना त्यांना लागू होत नाहीत. त्यांना वेळीच योग्य दार दाखवणे एवढे काम तरी आपण करू शकतो.

नगरोटा आणि त्यानंतर

२९ नोव्हेंबर २०१६ रोजी जम्मूजवळच्या नगरोट्यात पोलिसांच्या वेशातले दहशतवादी लष्करी तळात शिरले. अधिकारी, जवान आणि कुटुंबे राहत असलेल्या इमारतींत ते घुसू पाहत होते. दोन अधिकाऱ्यांच्या पत्नी आपल्या तान्ह्या लेकरांसह आत होत्या. त्यांनी घरातले सामान दारांना लावून वाट अडवून धरली. बारा जवान, दोन महिला आणि दोन बालके यांची सुटका झाली. दोन अधिकारी आणि पाच जवानांनी प्राण दिले. त्या पाचांत लोहा तालुक्यातल्या जानापुरीचे लान्स नाईक संभाजी कदम होते. कुठल्या घरची ती बाळे आणि कुठला हा नांदेडचा शिपाई! सैनिकी कुटुंबातले मातृत्व म्हणजे काय, हे सांगायला याहून वेगळा दाखला नको.

वीरपत्नीच्या पदरी तान्हे मूल असेल, किंवा बाप गेल्यानंतर मूल जन्माला येणार असेल, तर कार्यालयाची सत्त्वपरीक्षा असते. कारवाईत वीरमरण आलेल्याच्या पत्नीला उदारीकृत कुटुंब निवृत्तिवेतन मिळते, ते शेवटच्या वेतनाइतके असते. पण पैसा येऊ लागला की घरात मतेही येऊ लागतात. सासरचे एक म्हणतात, माहेरचे दुसरे, आणि बाळंतीण मधल्या खोलीत ऐकत असते. बँकेचे खाते तिच्या एकटीच्या नावावर असावे, अजून न जन्मलेल्या बाळाचे नाव पुढे नोंदीत चढवून घ्यावे, सही करण्यापूर्वी तिला कागद मराठीत वाचून दाखवावा, या साध्या गोष्टी आहेत. त्या करायला धीराचा आणि कायदा जाणणारा माणूस लागतो. मुलींच्या वसतिगृहाची अधीक्षिका पुष्कळदा स्वतः सैनिकी घरातली, कधी सैनिकाची विधवाच असते. अशा वेळी तिचे शब्द साहेबांच्या पत्रापेक्षा लवकर पोहोचतात.

आता बाईही शिपाई

या इतिहासाला अलीकडे नवे वळण मिळाले. मिलिटरी पोलीस दलातील महिला शिपायांची पहिली तुकडी २०२१ साली बंगळुरूहून बाहेर पडली. त्यात ८३ जणी होत्या. नोव्हेंबर २०२३ मध्ये प्रसूती, बालसंगोपन आणि दत्तक रजेचे अधिकाऱ्यांना असलेले नियम महिला सैनिक, नौसैनिक आणि वायुसैनिकांनाही लागू करण्यास संरक्षणमंत्र्यांनी मंजुरी दिली: दोन अपत्यांपर्यंत १८० दिवसांची पूर्ण पगारी प्रसूती रजा आणि संपूर्ण सेवेत ३६० दिवसांची बालसंगोपन रजा. भरती मेळाव्यांत नांदेड-लातूरच्या मुली धावू लागल्या आहेत. उद्या बाळंतपणासाठी रजेवर गावी येणारी व्यक्ती स्वतःच शिपाई असेल आणि बाळ सांभाळणारा नवरा घरी असेल. त्याला सल्ला द्यायची तयारी कार्यालयाने आजच करायला हवी.

दुसरे आव्हान अग्निवीरांचे. जून २०२२ मध्ये जाहीर झालेल्या या योजनेत चार वर्षांनी पंचवीस टक्क्यांपर्यंतच मुले कायम होतील. बाकीची बाविशी-पंचविशीत गावी परततील, म्हणजे नेमक्या लग्नाच्या आणि पहिल्या अपत्याच्या वयात. त्यांना माजी सैनिकाचा दर्जा नाही, पेन्शन नाही, ईसीएचएस नाही. नियमाच्या भाषेत ती या कार्यालयाची माणसे ठरणार नाहीत. गावाच्या लेखी ती सैनिकच असतील आणि अडचण आली की याच दारी येतील. त्यांना 'तुमचे इथे काही नाही' असे सांगून परत पाठवायचे, की सरकारी मातृसेवेची वाट दाखवायची, याचा निर्णय आत्ताच झाला पाहिजे.

मागे पाहून, पुढे पाहून

पलटणीपासून दूर असलेल्या या दोन जिल्ह्यांत व्यवस्था उशिरा आली, अपुरी आली, पण आली. तिने माजी सैनिकाला आणि वीरपत्नीला आधार दिला, मुलांना वसतिगृह दिले. नव्या आईबापांसाठी मात्र जे झाले ते त्या त्या अधिकाऱ्याच्या आणि संघटकाच्या माणुसकीवर झाले. नियमात त्याला जागा नव्हती. ही उणीव भरून काढायला मोठा निधी लागत नाही. कार्यालयाच्या नोंदवहीत 'गरोदर सैनिकपत्नी' असा एक रकाना हवा. आशाताई आणि अंगणवाडीताईंच्या यादीत सैनिकी घरापुढे एक खूण हवी. नांदेड आणि लातूरच्या कार्यालयांनी सासर-माहेरच्या नोंदी एकमेकांना कळवाव्यात. आणि महिन्यातून एक दिवस वसतिगृहात अधीक्षिकेसमोर बायकांनी बायकांशी बोलावे.

सैनिकी घरांनाही विनंती आहे. लग्न झाल्याबरोबर नोंदणी करून पार्ट टू ऑर्डर काढून घ्या. सातव्या महिन्यापूर्वी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाला कळवा, फोनवर कळवले तरी चालेल. सुनेला माहेरी पाठवताना ओटीच्या साडीबरोबर माता-बाल संरक्षण कार्ड, आधार कार्ड, डिपेंडंट कार्ड आणि विवाह दाखल्याची प्रत पिशवीत ठेवा. बाळ जन्मले की २१ दिवसांच्या आत नोंद करा, आणि दाखल्यावरचे प्रत्येक नाव रेकॉर्डप्रमाणे आहे ना, हे दवाखान्यातून निघण्यापूर्वी दोनदा वाचून पाहा.